न पाहिलेली छायाचित्रे

अंध माणसाने कॅमेरा हाती घेतला की आपण डोळस माणसे दोनच गोष्टी करतो: कीव तरी करतो, नाहीतर टाळ्या तरी वाजवतो. या गडबडीत त्याचे छायाचित्र पाहायचे मात्र राहूनच जाते. माझी तक्रार आहे ती एवढ्यासाठीच.

एव्हगेन बाव्चार यांचे उदाहरण घ्या. जन्म १९४६ चा, स्लोव्हेनियातला. लहानपणी दोन अपघात झाले. दुसऱ्या अपघातानंतर काही महिन्यांत उरलासुरला उजेड हळूहळू मावळला. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिले छायाचित्र घेतले, ते मनात भरलेल्या एका मुलीचे! पुढे पॅरिसला त्यांनी तत्त्वज्ञानात संशोधन केले आणि छायाचित्रेही काढली, पुष्कळदा काळोखातच. शटर उघडे ठेवायचे आणि विजेरीने हवे तेवढेच उजळायचे. काही चित्रांत तर चाचपणारा हातही दिसतो. जिथे हात पोचला तिथे जग आहे, बाकी सारे अंधारात. दृष्टी गेल्यावर जग असे तुकड्यातुकड्यांनी हाती लागते, हे दहा पाने वर्णन वाचूनही आपल्याला इतके कळले नसते.

हे लोण आपल्याकडेही आले आहे. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ साली ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम सुरू केला. आवाजावरून अंतर आणि उन्हाच्या उबेवरून प्रकाशाची दिशा ओळखून अंध व्यक्ती छायाचित्रे घेऊ शकतात.

कोणी विचारील, ज्याला स्वतःचे चित्र दिसत नाही त्याची ती कला कसली? पण चित्र आधी मनात असते. यंत्र नंतर येते. शिवाय ते कसे उतरले हे कळायला त्याला दुसऱ्याचे शब्द लागतात. अशा वेळी आपल्या ‘वा, छान!’चा त्याला काय उपयोग? उजवीकडे सावली किती आली, चेहरा कुठे कापला गेला, हे सांगणारा मित्र त्याला हवा असतो.

आपण अंध सहाध्यायांना पुस्तके वाचून दाखवतो, परीक्षेत त्यांचे लेखनिक होतो. सहलीत कॅमेरा मात्र त्यांच्या हाती देत नाही. त्यांनी फक्त समूहचित्रात उभे राहायचे! पुढच्या अंकाच्या छायाचित्र-विभागात त्यांनी घेतलेली चित्रे यावीत, आणि खाली कौतुकाच्या ओळीऐवजी चित्राचे नीट वर्णन असावे. संपादक मंडळाने एवढे मनावर घ्यावे.