पाय थांबले तरी हात थांबू नयेत



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मेलेल्यांचा आकडा सर्वांनी वाचला; मणक्याला मार बसून कायमचे अंथरुणाला खिळलेल्यांची आठवण किती जणांनी ठेवली? भूकंप रोज होत नाही. पण नांदेड-लातूरकडे बांधकामाच्या पराचीवरून, झाडावरून पडून, विहिरीत कोसळून किंवा मोटारसायकलच्या अपघातात कंबरेखाली लुळा झालेला कर्ता माणूस आजही भेटतो.

अशा घरात माया फार असते. आई म्हणते, "तू पडून राहा." बायको म्हणते, "तुम्ही हलू नका, मी आहे ना." हेतू चांगला, पण परिणाम वाईट! सतत पडून राहिल्याने पाठीला आणि बैठकीला जखमा होतात, सांधे आखडतात, छातीत कफ साठतो, वजन वाढते, मधुमेह व हृदयविकार जवळ येतात. पाय गेले म्हणून हृदयाची आणि दंडांची गरज संपत नाही, उलट ती वाढते. खाटेवरून खुर्चीवर जायचे तेही हातांच्याच बळावर.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैनिक. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाने पदक आणावे असे नाही. पण उपचार म्हणून सुरू केलेली हालचाल माणसाला कुठवर नेते, ते पाहावे.

मग घरी काय करावे? आधी डॉक्टर व फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. या विषयातील तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सांगितलेले किमान प्रमाण असे : आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, चांगला दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. त्याला जिमखाना लागत नाही. सपाट रस्त्यावर आपली खुर्ची आपणच ढकलावी. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे वजन. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून छातीकडे ओढावी. खुर्ची ढकलून खांदे दुखावतात, म्हणून ओढण्याचा व्यायाम विसरू नये.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. इजा मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकरच व्यायाम करावा, ओले फडके जवळ ठेवावे. अशा माणसाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल झाला, तर ताबडतोब ताठ बसवावे, लघवी तुंबली आहे का ते पाहावे आणि दवाखाना गाठावा. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बैठक उचलावी. रोज आरसा धरून कातडी तपासावी.

दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्यावे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून चाकाची खुर्ची मिळू शकते.

आणि शेजाऱ्यांनो, एक काम आपलेही आहे. विहाराच्या, समाजमंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. थोडे सिमेंट, थोडे श्रमदान. वंदनेला त्याला चार जणांनी उचलून आणण्यात त्याचा मान नाही. तो आपल्या हाताने चाक फिरवीत आत आला पाहिजे.