पुळणीवर ओहोटीला उतरा

कोकणात समुद्रावर जाणारी मंडळी बहुधा संध्याकाळी पोहोचतात, गुडघाभर पाण्यात उभी राहतात, मावळतीचे फोटो काढतात आणि परततात. तेवढ्यावर समाधान मानू नका. एकदा ओहोटीची वेळ पाहून जा आणि गर्दी संपते तिथून पुढे चालत राहा.

वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. त्यानंतर सहा तासांनी पुरी सुकती. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं हटत नाही, शिवाय ओहोटी येते ती भर दुपारी. पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं, पाणी लांबवर मागे सरतं, आणि तेही सकाळी सहा ते आठच्या सुमारास. चालायला याहून चांगली वेळ नाही.

ओल्या वाळूवर मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्यांची नक्षी दिसली की तिथेच उकिडवे बसा आणि हलू नका. दोन-चार मिनिटांत बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. चिमट्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा वाढत जातात आणि पुढची भरती सगळं पुसून टाकते. रबराच्या फुटक्या वाटीसारखं काही सापडलं तर कचरा समजून लाथाडू नका. एका जातीची समुद्री गोगलगाय वाळू आणि चिकट स्राव मिसळून अंड्यांसाठी असं कडं तयार करते.

मुंबईकरांनाही हे लांब नाही. हाजीअलीच्या खडकांवर शहराच्या रहदारीलगत समुद्रफुलं उमललेली असतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम 2017 पासून लोकांना असे किनारे दाखवतो. पहिल्यांदा जाणकारांबरोबर जाणं केव्हाही उत्तम.

खडकांवर मात्र अनवाणी जाऊ नका. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि हिरव्या शेवाळावर पाय ठरत नाही. कपारीत हात घालू नका. दगड उचललात तर होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या अंगाला बिऱ्हाडं असतात. रिकामे शंखही तिथेच राहू द्या. मऊ पोटाचा शंखातला खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आणि आपण नेमके मोठे आणि देखणे शंख पिशवीत भरतो. पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत हा बेत नकोच.

पुळणीवर गाड्या घालण्याचा शौक मला अजिबात पटत नाही. चाकाखाली ही सगळी बिळं दबतात. वेळासला 2002 पासून कासवांची घरटी राखली जात आहेत. तशीच अंडी इतर किनाऱ्यांवरही वाळूत असतात आणि वरून काही कळत नाही.

येत्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला पोराबाळांना उजाडता उजाडता उठवा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि पाण्याच्या कडेकडेने तासभर चाला.