ज्वालामुखीचा इशारा कळतो, पुढे काय?

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची लिखित नोंद नव्हती. राखेचा ढग अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीच्या आकाशात पोहोचला आणि विमाने रद्द करावी लागली. ढग फार उंचावर असल्याने आपल्या फुप्फुसांना त्याचा विशेष धोका नव्हता. मात्र एक प्रश्न रास्त आहे: हे आधी कळत नाही का?

बऱ्याचदा कळते; पण त्यासाठी डोंगरावर सतत लक्ष हवे. शिलारस वर सरकताना खडक फोडतो, त्याचे बारीक धक्के भूकंपमापक टिपतो. डोंगर काही सेंटीमीटर फुगतो, ते जीपीएस आणि उपग्रहांना दिसते. बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मोजता येतो. रुग्णाच्या नाडी-तापाप्रमाणेच इथेही एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. आधीची नोंद आणि बदलाची दिशा महत्त्वाची. हायली गुब्बीसारख्या दुर्गम ठिकाणी ही यंत्रणा तोकडीच असते.

यंत्रणा असली तरी पुरेसे नाही. कोलंबियातील नेवादो देल रुइझचा धोक्याचा नकाशा १९८५च्या ऑक्टोबरमध्ये तयार होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने शिखरावरचा बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावावर आला. तेवढ्या वेळात माणसे जवळच्या उंचवट्यावर चालत जाऊ शकली असती. गाव हलवण्याचा निर्णय झाला नाही. सुमारे २३ हजार माणसे गेली.

त्यातून धडा घेऊन अमेरिकेने ज्वालामुखीतज्ज्ञांचे फिरते पथक उभारले. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो सुमारे ५०० वर्षांनी जागा झाला, तेव्हा हे पथक तिथल्या शास्त्रज्ञांच्या मदतीला गेले. १३ मे रोजी दिवसाला ५०० टन असलेला सल्फर डायऑक्साइड २८ मेपर्यंत ५ हजार टनांवर गेला आणि मग एकदम घटला. शास्त्रज्ञ निर्धास्त झाले नाहीत. वायूची वाट बंद होऊन आत दाब वाढत असावा, असे त्यांनी ओळखले. दम्याच्या गंभीर रुग्णाची छातीतली शिट्टी अचानक थांबली की डॉक्टर घाबरतो, तसेच हे. १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोक हलवले गेले. किमान ५ हजार जीव वाचले, असा अंदाज आहे.

पण कथा इथे संपत नाही. निर्वासितांच्या छावण्यांत गोवर, जुलाब आणि न्यूमोनियाने शेकडो माणसे दगावली. त्यांत लसीकरण न झालेली एटा आदिवासींची मुले मोठ्या संख्येने होती.

उलट चूकही होते. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर ७० हजारांहून अधिक लोकांना कित्येक महिने घराबाहेर ठेवले. अपेक्षित महाउद्रेक झालाच नाही. म्हणूनच प्रशासन कचरते. अंदाज नेहमी शक्यतेच्या भाषेत येतो. शंभर टक्के खात्रीची वाट पाहिली तर वेळ निघून जातो. शास्त्रज्ञाचे काम इशारा देण्याचे. लोकांना वेळेवर हलवणे आणि जिथे हलवले तिथे स्वच्छ पाणी, शौचालये व गोवराची लस तयार ठेवणे, हे काम शासनाचे आणि आम्हा डॉक्टरांचे.