विश्लेषण : मुलाचा आवाज अचानक बदलला… घसा बसला की जिवाला धोका?

मुलाचा आवाज घोगरा झाला की घरात पहिला अंदाज ठरलेला : ‘थंड खाल्लं असेल.’ मग हळद, मध, काढा. सर्दीने बसलेला आवाज बहुधा काही दिवसांत सुटतोही. पण कधी कधी बदललेला आवाज ही श्वासाची वाट बंद होत असल्याची पहिली खूण असते.

लहान मुलांना धोका अधिक का?

तान्ह्या बाळाची श्वासनलिका सर्वांत अरुंद जागी जेमतेम ४ मिलिमीटर असते. आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली, तरी श्वासाला पाव वाटच उरते.

कारणे कोणती?

खाता-खेळता ठसका लागून आवाज बसला, तर शेंगदाणा, चिंचोका किंवा मणी अडकल्याचा संशय घ्यावा. ठसका थांबला म्हणजे वस्तू निघाली असे नव्हे; ती खाली सरकलेली असू शकते. रिमोट किंवा खेळण्यातला चपटा गोल सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजते. स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊन आवाजही जातो. तोंडात घास धरल्यासारखा आवाज, ताप आणि लाळ गळणे ही घशात पू झाल्याची किंवा स्वरयंत्रावरची झडप सुजल्याची लक्षणे. लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलात घोगरा आवाज, घशात राखाडी पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली, तर घटसर्पाची शंका येते.

कधी थांबू नये?

श्वास घेताना घर्र आवाज, बरगड्यांखाली खळगा पडणे, थुंकी गिळता न येणे, ओठ निळे पडणे यांपैकी एकही खूण दिसली किंवा सेल गिळल्याची शंका आली, तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. मुलाला बसते ठेवावे. घशात बोट घालू नये, उलटी करवू नये, काढा पाजू नये.

अंतर की उशीर?

कुपवाडपासून वैद्यकीय पंढरी मानली जाणारी मिरज आणि सांगलीचे शासकीय रुग्णालय काही किलोमीटरवरच आहे. वेळ जातो तो घरात. आई-वडील एमआयडीसीत पाळीवर, मूल आजीजवळ आणि निर्णय ‘संध्याकाळी दाखवू’ असा. सेल गिळलेल्या मुलाकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ नसतो. म्हणून या खुणा आजीलाही ठाऊक हव्यात आणि पाळी सोडून धावत येणाऱ्या पालकाची रजा कारखान्यांनीही अडवू नये.