सुगरणीचा नवरा

राखीच्या सुट्टीत नात जरीपटक्याला आली होती. वय वर्षं सहा. येताना पुस्तकांची पिशवी घेऊन आली, त्यात पक्ष्यांच्या घरट्यांचं एक चित्रांचं पुस्तक. पहिल्या पानावर आई सुगरण काड्या विणतेय, बाबा शेजारच्या फांदीवर नुसते बसलेत. शेवटच्या पानावर सगळं कुटुंब खोप्यात पांघरूण घेऊन झोपलंय. मी लेकीलाही हेच सांगत आले होते, त्यामुळे वाचताना काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोराडीच्या बाजूला गेलो. एका शेतात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पंधरा-वीस खोपे लोंबत होते. विणणारे सगळे पिवळ्या डोक्याचे. नात म्हणाली, "आजी, ह्या सगळ्या आया का?"

शेतावरचे भाऊ हसले. "नाही नं बेटा, पिवळा तो नर. मादी चिमणीवानी दिसते."

मग तिला टोपीसारखे अर्धवट खोपे दिसले. "हे कोणी सोडून दिले?" झालं! माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन शोधलं तर उत्तर आपल्याच महाराष्ट्रातलं निघालं. १९३० साली सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला हे खोपे बारकाईनं पाहिले. नर अर्धा खोपा विणतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून तपासते. पसंत पडला तर तो पुढचं काम, खालच्या बोगद्यासकट, पूर्ण करतो. नाही पडला तर खोपा तसाच लोंबत राहतो. संसार लागला की हे महाशय दुसरा खोपा विणायला घेतात! अंडी उबवणं तिच्याकडे, भरवणंही बहुतेक तिच्याकडेच. पिलं उडाली की खोपा रिकामा.

आता तुम्हीच सांगा, पांघरुणाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कमी मजेची आहे का?

चूक थोडी आपल्या भाषेचीही असेल. 'सुगरण' म्हटलं की डोळ्यांसमोर बाईच येते. बहिणाबाईंच्या सुगरणीबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. कवितेत पक्षी माणसाचं बोलतो, ते आपल्याला कळतं. पण "पक्षी घरटं कसं बांधतात" असं सांगायला बसलेल्या पुस्तकानं निदान बांधणारा तरी बरोबर दाखवावा. लहान मुलांना काय कळतंय, असं आपण म्हणतो. पण अर्धवट खोपा आधी दिसला तो तिलाच, मला नाही.

दुसरं म्हणजे, खोपा म्हणजे घर नव्हे, पाळणा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून उभ्या केलेल्या ह्या वस्तीत राहून घर म्हणजे काय ते मला माहीत आहे. पक्ष्याला आपलं घर, आपलं पांघरूण देऊन टाकलं, की मूल पक्षी बघतच नाही. आपल्यालाच बघतं.

रात्री नातीनं विचारलं, "मग पुस्तकात खोटं लिहितात?" मी म्हटलं, "खोटं नाही गं, त्यांनी नीट बघितलं नसेल." माझ्याबद्दलही तेच खरं होतं, ते सांगून टाकलं.

सकाळी बघते तर बाईसाहेबांनी पिवळा खडू घेऊन पहिल्या पानावरच्या 'आई'चं डोकं रंगवून ठेवलेलं. पुस्तकात रंगवायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ह्या वेळी मी काही बोलले नाही.