बाळंतीण कोणत्या नोंदवहीतली?

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांतून फिरताना आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडावा, इतक्या त्या खानदेशी झाल्या आहेत. यंत्रमागांवर आणि छपाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या या कुटुंबांच्या मुलांसाठी सुरत महानगरपालिका मराठी शाळा चालविते, हे तिला भूषणावह आहे. परंतु त्याच मुलांच्या आयुष्याचे पहिले सहा आठवडे कोणाच्या खाती मांडावयाचे, हा प्रश्न सुटलेला नाही.

बाळंतपण इस्पितळातच व्हावे, याविषयी आता दुमत नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी इस्पितळातील प्रसूती, औषधे आणि घरी पोचविणारे वाहनही विनामूल्य केले. चिंता आहे ती त्या वाहनातून उतरल्यानंतरची. गावी सासू, जाऊ, शेजारीण असे, सुईण असे. सुईणीचे सारेच चांगले होते, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. आईचा पहिला चीक पिळून टाकावयास सांगणारीही पुष्कळदा तीच. पण ती रोज उंबरठा ओलांडून आत येई. बाळ नीट ओढत नाही, त्याचे अंग गार लागते, आईस ताप भरला आहे, हे तिच्या नजरेस पडे. नवरा पाळीवर गेला असता, एका खोलीच्या बिऱ्हाडात हे कोणी पाहावयाचे?

ही नजर शिकविता येते, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची देखभाल केली. नवजात मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये केंद्राने या पद्धतीचा देशभर अंगीकार केला. इस्पितळातून घरी आलेल्या बाळंतिणीस 'आशा' कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेटावे, असे ठरले.

कागदावर योजना निर्दोष आहे. पण आपली लेक दहाव्या-बाराव्या दिवशी ताप्ती मार्गाच्या गाडीने माहेरी निघते! सुरतेची आशा दाराचे कुलूप पाहून परतते. अमळनेरच्या आशेच्या वहीत त्या बाळाचे नाव नसते. भेटींचे २५० रुपये त्या साऱ्या पुऱ्या झाल्यावर मिळावयाचे, म्हणजे बाळंतीण गावी गेली की त्या गरीब कार्यकर्तीच्या श्रमांवरही पाणी. दोष तिचा नव्हे. एकच नोंदवही धरून बसणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

केंद्राने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे प्रसविका-शिक्षण ठरविले. मात्र त्यांचे काम प्रामुख्याने प्रसूतिकक्षाभोवतीच योजले आहे. अशी एक तरी प्रसविका, अहिराणी समजणारी, या वस्त्यांच्या नागरी आरोग्य केंद्रांतून बाळंतिणींच्या घरी गेली पाहिजे. आणि इस्पितळातून निरोप देताना 'पत्ता काय?' एवढेच न विचारता 'सव्वा महिना कोठे राहणार?' हेही विचारावे. उत्तर नंदुरबार असेल, तर तेथील आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. भेटींचे पैसे दोन्ही कार्यकर्तींना भेटींच्या हिशेबाने मिळावेत. यासाठी दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकदा एकत्र बसावे लागेल. ती बैठक गांधीनगरास होते की मुंबईस, याच्याशी बाळंतिणीस कर्तव्य नाही.