पाप जुळ्याचे, पुण्य नायकाचे!

नायकाच्या हातून अपराध घडला तर कथाकाराने काय करावे? अमेरिकन चित्रकथांच्या धंद्याने या प्रश्नाचे एक सोयीस्कर उत्तर शोधून ठेवले आहे. तो अपराध नायकाचा नव्हताच, असे सांगून टाकावे! तो त्याच्या दुष्ट जुळ्याचा, प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रतिकृतीचा, नाहीतर समांतर विश्वातून आलेल्या दुसऱ्या कुणाचा. पुढच्या अंकात नायक धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

या खेळाचा कळस स्पायडरमॅनच्या कथेत झाला. १९७५ साली त्याची एक प्रतिकृती निर्माण झाली आणि तेव्हाच ती संपलीही. १९९४ साली तिला पुन्हा उभे करण्यात आले. मग वाचकांना सांगण्यात आले, की वीस वर्षे तुम्ही ज्याला पीटर पार्कर समजत आलात तीच प्रतिकृती. खरा तो दुसराच. वाचक खवळले. १९९६ संपता संपता पुन्हा कोलांटउडी झाली आणि पहिलाच खरा ठरला. खप होत होता म्हणून प्रकरण ताणले गेले, हे त्या कथेवर काम केलेल्या मंडळींनीच पुढे सांगितले आहे. खरे कोण आणि खोटे कोण, याचा निवाडा गल्ल्यावर बसलेला माणूस करू लागला, की यापेक्षा वेगळे काय होणार?

खऱ्याखोट्याचा असा खेळ मांडला, की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती काय असते, हे साताऱ्याला विचारावे. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. महाराणी ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे जानेवारी १७५० मध्ये गादीवर आले. पण पेशव्यांना दूर करण्यास ते धजेनात. तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच, तोतया आहे, असे जाहीर केले. १७५२ साली जेजुरीस खंडोबासमोर तशी शपथही वाहिली. औरंगजेबाशी सात वर्षे झुंज घेणारी ती तेजस्विनी; पण मनासारखा न वागणारा राजा हा राजाच नव्हे, असे ठरविण्याचा मोह तिलाही आवरला नाही. परिणाम काय झाला? छत्रपती नामधारी झाले आणि कारभार पुण्यास गेला तो गेलाच. चित्रकथेतला संशय पुढच्या अंकात मिटतो. साताऱ्यातल्या संशयाने गादीचे तेज कायमचे हरविले.

याच साताऱ्याच्या माहुलीने मराठी मनाला दुसरा धडाही दिला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आरोप होता तो अटकेपर्यंत मजल मारणाऱ्या राघोबादादांवर. 'ध'चा 'मा' कुणी केला, अशी पळवाट लोककथेने त्यांच्यासाठी ठेवलीच आहे. अटकेचा राघोबा वेगळा आणि शनिवारवाड्यातला वेगळा, असे म्हणणेही अवघड नव्हते. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी तसे म्हटले नाही. पराक्रमी हात आणि अपराधी हात एकाच देहाचे आहेत, हे ओळखून त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी'तून हाच प्रसंग रंगभूमीवर आणला. माहुली आणि सांगली दोन्ही कृष्णाकाठीच. एका गावाने न्याय दिला, दुसऱ्याच्या सुपुत्राने तो घरोघर पोहोचविला.

काही जण म्हणतील, आपल्या पुराणांत तोतये नाहीत काय? आहेत. शंखचक्र धारण करून स्वतःस वासुदेव म्हणविणारा पौंड्रक आहे, रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा उभा राहणारा रक्तबीजही आहे. पण श्रीकृष्णाच्या दोषांचे गाठोडे वाहण्यासाठी पौंड्रक जन्माला आलेला नाही. आणि इतिहासातले प्रतिरूप तर थेट उलट दिशेचे आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवराय निसटले, तेव्हा शिवा काशिद त्यांचे रूप घेऊन पालखीत बसला आणि प्राणास मुकला. तिकडे नायकाचे पाप वाहणारा जुळा, इकडे राजासाठी मरण पत्करणारा!

पाश्चात्य साहित्य सगळेच असे उथळ आहे, असे नव्हे. १८८६ साली स्टीव्हन्सनने जेकिल आणि हाईड रंगविले, ते हाईड हा परका नसून जेकिलच आहे हे बजावण्यासाठी. धंद्याने त्यातला इशारा टाकून दिला आणि मुखवटा तेवढा ठेवला.

आता आपल्याकडे पाहावे. २००४ साली 'भारतीय स्पायडरमॅन' आला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, बेन काकांचे भीम काका, मे काकूंच्या माया काकू आणि मेरी जेनची मीरा जैन! अंगात धोतर, हाती योग्याने दिलेली शक्ती. सांगाडा मात्र जसाच्या तसा. याला भारतीय नायक म्हणावे की प्रतिकृतींच्या कारखान्यातली आणखी एक प्रतिकृती? ज्या मातीत 'अमर चित्र कथे'सारखा उपक्रम अनंत पै यांनी १९६७ पासून उभा केला, तिला नायक उसने आणण्याची वेळ का यावी? हा दोष परदेशी प्रकाशकाचा नाही. तो आपल्या लेखकांचा, प्रकाशकांचा आणि मुलांना गोष्ट सांगण्याचे सोडून दिलेल्या घरांचा आहे. तोही कुणा जुळ्याच्या माथी मारता येणार नाही.

चित्रकथा मुलांच्या हातून हिसकावून घेण्याने काही साधणार नाही. त्या वाचून झाल्यावर सातारा-सांगलीच्या आजोबांनी नातवाला जवळ बसवून माहुलीच्या त्या शास्त्र्याची गोष्ट सांगावी. फुलदाणी फोडून "मी नाही, माझ्यातल्या दुसऱ्याने फोडली" असे म्हणणाऱ्या मुलाला हसून सोडणे सोपे असते. पण उद्या तोच मुलगा खुर्चीवर बसेल, सही करील आणि चौकशी लागली की दुसऱ्याकडे बोट दाखवील. "होय, हे मीच केले," असे म्हणणारा नागरिक घरातच घडतो. तो घडविण्याचे काम कोणतीही प्रतिकृती आपल्यासाठी करणार नाही.